एका तडकलेल्या हेल्मेटची कैफियत

मित्रांनो, मला आता कोणी डोक्यावर घालत नाही आणि घालूही नये. उजव्या कानशिलापासून थेट टाळूपर्यंत मला तडा गेला आहे. काच निखळली आहे आणि आतला फोम झिजून भुरभुरतो आहे. तरी मी स्वतःला नशीबवान समजतो. ज्या कामासाठी मी जन्मलो, ते काम मला एकदा करायला मिळाले. पुष्कळ हेल्मेटांना ते जन्मभर मिळत नाही, आणि न मिळालेलेच बरे असते. माझ्या बोलण्यात थोडी चिडचिड आढळेल, ती सांभाळून घ्या. पनवेलमधल्या एका समाजकार्यकर्त्या बाईंच्या डोक्यावर इतकी वर्षे काढली असती तर तुमचीही झाली असती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर आलो तेव्हा मी नुसते मरून रंगाचे टरफल होतो. मग आत थर्माकोलचा जाड थर बसला, त्यावर मऊ अस्तर आले, हनुवटीखाली पट्टा आला. आमच्यातल्या काहींना उचलून नेत आणि लोखंडी ठोकळ्यावर आपटत. आपटूनही आतले डोके सांभाळेल अशी घडण ठरली, की मगच आम्हा सगळ्यांच्या पाठीवर तपासणीची सरकारी छाप बसे. त्या वेळी मला तो निव्वळ जाच वाटला. पण तो नसता, तर एखाद्या माणसाने आपले एकुलते एक डोके माझ्या हवाली कशाच्या भरवशावर केले असते?

पनवेलच्या बाजारातल्या एका दुकानात मी टांगलेला असताना दिना मॅडम आल्या. ठेंगण्या, केस आखूड कापलेल्या, खांद्याला जड पिशवी. दुकानदाराने त्यांच्यापुढे एक गुलाबी, अर्धवट टोपीसारखे हेल्मेट धरले.

"मॅडम, लेडीजसाठी हे घ्या. एकदम हलकं आहे."

"ह्याच्यावर छाप कुठे आहे?"

"छाप काय करायचीय? पोलिसानं अडवलं की डोक्यावर काहीतरी दिसलं म्हणजे झालं."

"मला पोलिसासाठी नकोय," मॅडम म्हणाल्या. "डोक्यासाठी हवंय."

त्यांनी मला खाली काढायला लावले, उलटे करून पाठीवरची छाप पाहिली आणि डोक्यावर घालूनच दुकानाबाहेर पडल्या. त्या क्षणापासून मी त्यांचा झालो.

त्यांचे पूर्ण नाव दिना झिराडकर. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी लोकांपैकी त्या एक. घराणे मूळचे अलिबागकडचे, पण आजोबांपासून पनवेलला स्थायिक झालेले. त्यांच्या लोकांची इथली बरीच घरे आता इस्रायलला गेली आहेत. त्यांचा भाऊ आरोनही तिकडेच असतो. मॅडम मात्र राहिल्या. शनिवारी, शब्बाथच्या म्हणजे त्यांच्या धर्मातल्या विश्रांतीच्या दिवशी, त्या शक्यतो स्कूटर काढत नसत. तेवढा एक दिवस मला खुंटीवर आराम मिळे. बाकीचे दिवस त्या जातील तिथे मी त्यांच्याबरोबर जाई, आणि त्या बसतील तिथे टेबलावर बसून सगळे ऐकत राही.

मॅडम एका संस्थेत काम करत. ज्या बायकामुलांना स्वतःच्याच घरात मार बसतो, त्यांना आधार द्यायचा, हे त्या संस्थेचे काम. त्यासाठी मॅडमनी मुंबईच्या कॉलेजात समाजकार्याचे शिक्षण घेतले होते. रडणाऱ्या माणसाशी काय बोलावे, काय अजिबात बोलू नये, कायदा कुठे लागतो, कोणाचे गुपित कसे जपावे, हे सगळे तिथे शिकवतात. पण हे लोकांना सांगायची सोय नव्हती.

"काय करता तुम्ही?" लोक विचारत.

"मी सोशल वर्कर आहे."

"अरे वा, समाजसेवा! छान आहे. पुण्याचं काम आहे. आणि नोकरी कुठे करता?"

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की मला घाम फुटत असता तर अस्तर बदलावे लागले असते. मॅडम शांतपणे सांगत, "हीच माझी नोकरी." समोरचा मग त्यांच्याकडे असा पाही, जणू देवळाबाहेर चप्पल सांभाळायला कोणी पदवी मागितली आहे.

आणि मित्रांनो, ते फलक! पळस्प्याच्या नाक्यावर न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या रांगेत आम्ही अडकलो, की मला समोरचे फलक वाचण्यावाचून गत्यंतर नसे. तिथे वाढदिवस आला की माणूस समाजसेवक होतो. कोणी युवा समाजसेवक, कोणी धडाडीचे समाजसेवक, कोणी समाजसेवक आणि जमीन खरेदी-विक्री. एकदा तर पाळण्यातल्या बाळाच्या फोटोखाली 'भावी समाजसेवक' असे लिहिलेले मी माझ्या काचेतून पाहिले. तुमचा दात काढणाऱ्याची कुठेतरी नोंद असते. वकिलाची असते. औषधाच्या दुकानात गोळ्या देणाऱ्याचीही असते. पण तुमच्या घरात शिरून, आईवडिलांच्या भांडणात हात घालून, कोणी कोणाकडे राहायचे हे सांगणाऱ्याला फक्त एक फलक पुरतो.

एका संध्याकाळी आरोनच्या मुलीचा, अयालाचा, व्हिडिओ कॉल आला. ती नुकतीच शिकून तिकडे समाजकार्यकर्ती झाली होती. मी जेवणाच्या टेबलावर होतो.

"आत्या, माझं नाव रजिस्टरमध्ये आलं!" ती म्हणाली. तिचे मराठी घरात शिकलेले, थोडे अडखळणारे. "आता मी काम करू शकते. तुझा नंबर काय आहे?"

"कसला नंबर?"

"रजिस्ट्रेशनचा. सोशल वर्करचा."

"आमच्याकडे तसं नसतं गं."

अयाला स्क्रीनच्या जवळ आली. मग म्हणाली, "मग लोकांना कसं कळतं, तू खरी सोशल वर्कर आहेस?"

"कळत नाही," मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. पण कॉल संपल्यावर त्या बराच वेळ मला समोर धरून माझ्या पाठीवरच्या छापेवर बोट फिरवत बसल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मैनाची गोष्ट सुरू झाली.

मैनाचे सासर ओवे गावचे. गावाच्या जमिनीवर शहर उभे राहिले तसे त्यांचे कौलारू घर जाऊन तिथे चार मजली इमारत झाली. नवऱ्याचे नाव निकेश. त्याचा स्वतःचा ट्रेलर होता, बंदरातून माल नेई. बाहेर तो गोड बोले. घरात हात उचले. त्यांना मनस्वी नावाची एक लहान मुलगी होती, आणि सासू हौसाबाईंचा नातीवर फार जीव होता. मैना एकदा संस्थेत येऊन मॅडमशी बोलून गेली. दोघींनी मिळून पुढे काय करायचे ते ठरवत आणले होते. तेवढ्यात इंद्रजीत मध्ये पडला.

इंद्रजीत म्हणजे पळस्प्याच्या फलकावरचा एक चेहरा. गळ्यात जाड साखळी, पांढरा कडक शर्ट, मागे दोन माणसे आणि त्यातल्या एकाच्या हातात फोटो काढायला फोन. मॅडमना निरोप मिळाला म्हणून आम्ही ओव्याला पोचलो, तर दिवाणखान्यात 'समझोता' झालासुद्धा होता. निकेशच्या खांद्यावर शाल, मैनाच्या हातात नारळ आणि मध्ये इंद्रजीत. मैनाला फोटोसाठी हसायला सांगत होते.

"हिला कोणी विचारलं का?" मॅडमनी दारातूनच विचारले. मला काखेत घट्ट दाबले होते.

"मॅडम, या या," इंद्रजीत म्हणाला. "संसार जोडायचा का मोडायचा? तुम्ही पगार घेऊन मोडता. आम्ही फुकटात जोडतो."

सगळे हसले. मैना हसली नाही. संध्याकाळी तो फोटो पनवेलभर फोनाफोनी फिरला. मैनाचे नाव, तिचे घर, तिचे भांडण, सगळे जगजाहीर झाले.

काही दिवसांनी मैना संस्थेत आली ती हाताला प्लास्टर घालून. मनस्वी तिच्या ओढणीचे टोक धरून उभी होती. मॅडमनी आधी दोघींना पाणी दिले.

"फोटू पाहिला नं तेनी," मैना म्हणाली. "बोल्ला, माजी इज्जत काडलीस. मी काडली नाय मॅडम. मी हसले बी नाय."

निकेशविरुद्ध पोलिसांत तक्रार नोंदवली गेली, हे सांगायला हवे. पण इंद्रजीतचे काय? मॅडम पोलीस चौकीत विचारू लागल्या.

"ते समाजसेवक आहेत हो," तिथले साहेब म्हणाले. "चांगल्या मनानं गेले असतील. त्यात गुन्हा काय लिहू?"

मग आम्ही संस्थांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत गेलो. तिथले कारकून सभ्य होते. त्यांनी खुर्ची दिली, मलाही टेबलावर जागा करून दिली.

"ह्या गृहस्थांची संस्था कोणती?"

"संस्था नाही. ते स्वतःच समाजसेवक आहेत."

"मग आमच्याकडे येत नाही. संस्था असती तर संस्थेची चौकशी केली असती. माणसाची नाही करता येत."

"आणि उद्या माझ्याकडून चूक झाली तर? मी संस्थेत आहे."

"तुमच्या संस्थेनं हिशेब वेळेवर दिलाय ना? मग आम्हाला तुमच्याशी काही नाही."

"म्हणजे संस्थेची नोंद असते. आत काम करणाऱ्या माणसाची कुठेच नसते."

"बरोबर बोललात," कारकून म्हणाले. त्यांना मॅडमच्या हुशारीचा आनंद झालेला दिसला.

हेल्मेटच्या आत माणूस काय बोलतो ते फक्त हेल्मेटला ऐकू येते. त्या कचेरीतून घरी येताना मॅडम जे बोलल्या, ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही अजून लहान आहात.

मैना आणि मनस्वी यांना मॅडमनी एका वसतिगृहात ठेवले. ते कुठे आहे हेही मी सांगणार नाही, कारण अशा जागेचा पत्ता सांगायचा नसतो. तिथे मैना शिवणकाम शिकली. मनस्वीचे शाळेत नाव घातले. मायलेकी हळूहळू सावरू लागल्या.

इकडे मॅडमनी दुसरे काम हाती घेतले. मुंबईत समाजकार्य शिकलेल्यांची एक संघटना होती. सरकारी कायदा येईल तेव्हा येईल, तोवर आपली आपण नोंदवही सुरू करू, असे तिथे चालले होते. मॅडम सुट्टी टाकून त्यांच्या बैठकांना जाऊ लागल्या. संस्थांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने शिक्षणाचा किंवा देखरेखीखाली केलेल्या कामाचा पुरावा द्यावा, गुपिते जपण्याची शपथ घ्यावी, क्रमांकाचे ओळखपत्र बाळगावे. आणि कोणी चुकले तर तक्रार ऐकायला एक समिती असावी. या शेवटच्या कलमावरून किती कपबशा आपटल्या, ते मी टेबलावर बसून पाहिले आहे. नोंद सगळ्यांना हवी होती. तक्रार कोणालाच नको होती.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षा रमाताईंनाही ते पटेना.

"दिना, आपण मनापासून काम करतो. मनाला कसला नंबर लावतेस? उद्या कोणीही उठून आपल्यावर तक्रार करेल."

"करू दे ना ताई. तेच तर हवंय."

"तुला हवंय. मला नकोय."

तेव्हा आशालता, आमच्या आशाताई, उठल्या. मॅडमहून त्या वयाने मोठ्या. संस्थेत नवीन येणारी प्रत्येक बाई आधी त्यांच्या कुशीत रडे, मग नाव सांगे. मॅडमना काम त्यांनीच शिकवले होते, आणि रोज दुपारी दोघी एका डब्यात जेवत.

"मी घेते नोंदणी," त्या म्हणाल्या. "सगळ्यात आधी माझं नाव घाला. ही पोर इतकी वर्षं भिंतीवर डोकं आपटतेय, तिच्या डोक्याची तरी कीव करा."

आशाताईंनी घेतली म्हणून बाकीच्यांनी घेतली. ओळखपत्रे आली. मॅडमनी आपले ओळखपत्र अयालाला व्हिडिओवर दाखवले.

"छान, आत्या! आणि ज्यांनी घेतलं नाही, ते?"

"ते तसेच."

"तसेच कसे?"

"कायदा नाही ना गं. ज्याला स्वतःला बांधून घ्यायचंय त्यानं घ्यायचं. बाकीचे मोकळे."

अयालाने कपाळावर हात मारला. ही लकब तिच्याकडे इथूनच गेली असावी.

पुढे एका शनिवारी मॅडमचा फोन वाजला. शब्बाथ असूनही त्यांनी उचलला, कारण नाव वसतिगृहाचे होते. निकेश फाटकावर आला होता. शिवीगाळ करत होता, फाटक हलवत होता. मॅडमनी पोलिसांना फोन लावला, मला डोक्यावर चढवले आणि स्कूटर काढली. मी तोवर त्यांना इतक्या जोरात गाडी चालवताना पाहिले नव्हते.

फाटकाजवळ निकेशचा ट्रेलर उभा होता आणि भोवती गर्दी होती. आत मैना मनस्वीला पाठीशी घालून उभी होती. मॅडम उतरल्या आणि मला न काढताच फाटकाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"निकेश, गाडीत बस. पोलीस येतायत."

"माजी पोर हाय ती!"

"कोर्टात सांग. तिथे भेट मिळेल. इथे नाही."

रस्त्याच्या कडेला दुरुस्तीसाठी खडीचा ढीग पडला होता. निकेश वाकला. पुढचे मला पाहण्यापेक्षा जाणवलेच अधिक. उजव्या कानशिलावर घण बसावा तसा दगड बसला. काच उडाली. माझे टरफल तडकले, आतला थर्माकोल दबला, आणि त्याच्या आत मॅडमचे डोके होते तसेच राहिले. त्या गुडघ्यावर बसल्या, पुन्हा उठल्या आणि फाटकालाच टेकून उभ्या राहिल्या. पोलीस आले तेव्हा निकेश स्वतःच घाबरून ट्रेलरच्या पायरीवर बसला होता. त्याला घेऊन गेले. पुढे कोर्टाने त्याला मैनाच्या आसपास फिरकायची मनाई केली.

मित्रांनो, त्या दुपारी सगळ्यांनी माझे कौतुक केले. मनस्वीने तर मला ओवाळायचे म्हणून काड्यापेटी मागितली. पण मॅडम माझ्या तड्याकडे पाहत एकच प्रश्न विचारत होत्या. "त्याला पत्ता कोणी दिला?"

उत्तर सोमवारी मिळाले. आशाताईंनी स्वतःच सांगितले. हौसाबाई त्यांच्याकडे येऊन ढसढसा रडल्या होत्या. नातीला एकदा लांबून पाहते, कोणाला सांगत नाय, म्हणाल्या. आशाताईंचे मन विरघळले. त्यांनी पत्ता सांगितला. आणि हौसाबाईंनी तो मुलाला सांगितला, कारण त्यांचाही त्याच्या रडण्यावर विश्वास बसला होता.

दोघींचा डबा टेबलावर उघडा पडला होता. कोणी हात लावत नव्हते.

"आशाताई," मॅडम म्हणाल्या, "मी समितीकडे तक्रार करणार आहे."

"कोणावर?"

मॅडमनी थेट त्यांच्याकडे पाहिले.

"माझ्यावर?" आशाताईंचा आवाज चिरका झाला. "अगं, मी काय मुद्दाम केलं? आणि त्या इंद्रजीतनं बाईचा हात मोडेपर्यंत नेलं, तो फिरतोय फलक लावत! त्याच्यावर नाही, माझ्यावर?"

"त्याचं नाव नोंदवहीत नाही, ताई. तुमचं आहे."

"म्हणजे मी नाव घातलं, ही माझी चूक झाली!"

सगळ्यात आधी नाव घालणारी बाई सगळ्यात आधी सापडली, आणि ज्याच्यामुळे नोंदवही काढावीशी वाटली तो शाल-नारळ घेऊन मोकळा हिंडत होता. मला जीभ असती तर मी त्या दिवशी शिव्या दिल्या असत्या. मॅडमनी तरीही तक्रार केली. रमाताईंनी त्यांच्याशी बोलणे सोडले. दुपारच्या जेवणाला कोणी हाक मारेना. मॅडम माझ्याशेजारी बसून एकट्याच पोळीभाजी खात, आणि अर्धी परत नेत.

समितीपुढे त्या मला घेऊन गेल्या आणि पुरावा म्हणून टेबलावर मध्यभागी ठेवले. आशाताई माझ्या तड्याकडे बघत राहिल्या. त्यांनी स्वतःची वकिली केली नाही.

"मी हौसाबाईंचं रडणं ऐकलं," त्या म्हणाल्या. "मैनाचं आधीच ऐकलं होतं, ते विसरले. पत्ता माझा नव्हता. मी तो देऊन टाकला."

समितीने त्यांची नोंद एका वर्षासाठी थांबवली. त्या काळात त्यांनी एकटीने कोणाचे प्रकरण हाताळायचे नाही, दुसऱ्याच्या देखरेखीखाली शिकायचे. आणि मैनाची हरकत नसेल, तर तिला भेटून काय झाले ते खरे खरे सांगायचे.

तडा गेलेले हेल्मेट वापरायचे नसते. मॅडमनी नवे घेतले, निळ्या रंगाचे, छाप पाहूनच. मला त्या टाकणार होत्या, पण मनस्वी रडू लागली, म्हणून मी मैनाच्या घरी आलो. मैनाने वसतिगृह सोडून पनवेलमध्ये खोली घेतली होती. खिडकीखाली शिलाई मशीन मांडले होते. मला तिने गजाला उलटे टांगले आणि पोटात दोऱ्यांची रिळे भरली. पहिले काही दिवस मी रुसलो होतो. मग रिळांची सवय झाली.

तिथेच एक दिवस आशाताई आल्या. सोबत मॅडम होत्या, पण त्या दाराबाहेरच थांबल्या. आशाताई उंबऱ्यावर उभ्या राहूनच बोलल्या.

"मैना, तुझा पत्ता मी सांगितला होता. माझी चूक झाली. तू मला आत घेतलं नाहीस तरी चालेल."

मैनाचे पाय मशीनवर थांबले.

"मना वाटलं व्हतं तुमी देव हायसा," ती म्हणाली.

"नाही गं. म्हणूनच तर सांगायला आले. आमच्यापैकी कोणी पुन्हा चुकलं, मी किंवा ही दिना, तर तक्रार इथे करायची." त्यांनी संघटनेचा फोन नंबर मैनाला मोबाइलवर साठवून दिला. "कोणाला घाबरायचं नाही. आम्हाला तर मुळीच नाही."

मैनाने त्यांना चहा दिला नाही. पण बसायला स्टूल दिले. जाताना आशाताई आणि मॅडम एकाच स्कूटरवरून गेल्या. बोलत नव्हत्या, पण एकाच स्कूटरवर होत्या.

मग इंद्रजीत आला. तो येणारच होता; शिवणाच्या गिऱ्हाइकांमुळे मैनाची खोली आता गुपित राहिली नव्हती. निकेशला खटला मिटवायचा होता, आणि इंद्रजीतला नवा फोटो हवा होता. पांढरा शर्ट, मागे दोन माणसे, हातात शाल आणि नारळ. जिन्यात शेजारणी जमल्या. तो मैनाची परवानगी न घेता आत आला, आणि मशीनशेजारचे स्टूल ओढू लागला.

"दादा, बसू नका," मैना म्हणाली. "आदी सांगा, तुमी कोन?"

"मला ओळखत नाही?" त्याने मागच्या माणसांकडे पाहून डोळे मिचकावले. "समाजसेवक इंद्रजीत. अख्खं पनवेल ओळखतं."

"वळखतं, ते खरं हाय. पन तुमची नोंद कुटं हाय?"

"कसली नोंद?"

"तुमी माज्या घरात येऊन माजा निकाल लावनार. तो चुकला, तर मी तुमची तक्रार कोनाकडं करायची?"

"माझी तक्रार?" तो मोठ्याने हसला. एकटाच. "मी फुकट काम करतो, माझी कसली तक्रार?"

"गेल्या टायमाला फुकटच केलंत," मैनाने आपला हात पुढे केला. तो हात आता कोपरात पुरता सरळ होत नाही. "आशाताय चुकल्या, तवा तेंची तक्रार झाली. तेनी ऐकून घेतली, शिक्षा घेतली, मंग या दारात उभ्या रायल्या. तुमची कोनाकडं करू, तेवडं सांगा. सांगितलंत का बसा. मी सोता चाय करते."

फोन धरलेल्या माणसाने तो खाली घेतला. इंद्रजीतने शाल काखेत मारली. मग "तुमच्यासारख्यांचं भलं करायला जाऊच नये," असे काहीतरी पुटपुटत तो नारळासकट जिना उतरला. जिन्यातल्या शेजारणी बाजूला झाल्या, पण पायरीवर उभी असलेली एक म्हातारी बाई त्याच्या पाठीमागून मोठ्याने विचारती झाली, "अरे, सांग की रे, कोनाकडं करायची?"

मॅडमना हे कळले तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग वैतागल्या. कारण पुढच्याच आठवड्यात पळस्प्याला त्याचा दुप्पट मोठा फलक लागला. आता तो समाजसेवक राहिला नव्हता. समाजभूषण झाला होता. कायदा अजूनही आलेला नाही. मॅडमच्या बैठका चालूच आहेत, कपबशा आपटतच आहेत.

मित्रांनो, मी आता कोणाचे डोके सांभाळू शकत नाही. म्हणून तुम्हाला विनवतो. तुमच्या किंवा शेजारच्या घरात कोणी मदत करायला आले, तर त्याला पाणी द्या, नमस्कार करा, आणि त्याची नोंद कुठे आहे हे बेधडक विचारा. ज्याला खरोखर मदत करायची आहे तो रागावणार नाही. तो खिशातून ओळखपत्र काढेल, आपण चुकलो तर कुठे सांगायचे तेही सांगेल, आणि तुम्ही बस म्हणेपर्यंत उभा राहील.